कार्तिकीच्या वाटेवर लेकरू



रब्बीच्या पेरण्या उरकल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. बियाणे-खतांची विचारपूस मागे पडते आणि घरगुती प्रश्न पुढे येतात. या खेपेला दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आहे. त्या लिहितात, "घरची मंडळी कार्तिकीला पंढरपूरला निघाली आहेत. आपलाच ट्रॅक्टर, आपलीच ट्रॉली, तीन रात्री पाल ठोकून राहायचे. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. आत्याबाई म्हणतात, नातवाला विठोबाच्या पायावर घालायचेच. मागच्या साली जाऊबाईंचे लेकरू तिथून हगवण घेऊन आले आणि चार दिवस सलाइनवर होते. मला जावेसे वाटते आणि भीतीही वाटते. मी लेकरू घेऊन घरी राहते म्हटले, तर घरात धुसफूस. भाऊ, काय करू?"

प्रश्न शेतीचा नसला तरी शेतकऱ्याच्या घरचा आहे. असा प्रश्न पडलेल्या घरटी एक तरी माउली असेल, म्हणून उत्तर इथेच देतो.

ताई, जा, आणि लेकराला घेऊन जा. फक्त निघण्याआधी घरच्या मंडळींकडून तीन गोष्टी कबूल करून घ्या. दिवस मावळायच्या आत गाडी थांबेल. लेकराचे पाणी वेगळे राहील. आणि लेकरू सांभाळायची पाळी सगळ्यांची असेल. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही, शब्द लागतो. तो आत्याबाईंच्या समोर, मामंजींकडून घ्यावा.

आषाढी की कार्तिकी?

लहान मूल घेऊन पाल ठोकून राहायचे तर आपल्या सोलापूरकरांना कार्तिकी बरी. आषाढीला पावसाचा नेम नसतो, चिखल असतो, माश्या असतात आणि गर्दी अफाट असते. कार्तिकी नोव्हेंबरात येते. परतीचा पाऊस बहुधा सरलेला असतो, जमीन वाळलेली असते.

शेतीच्या दृष्टीनेही ही वेळ सोयीची आहे. आपला जिल्हा रब्बीचा. सप्टेंबरच्या शेवटी पेरलेली ज्वारी कार्तिकीला पाच ते आठ आठवड्यांची होते. रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या सांगितल्या आहेत: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. दोन उरकून निघालात की तिसरीला परत येता येते. निघण्याच्या आदल्या दिवशी शिवारात एक फेरी मारून ज्वारीचे आणि मक्याचे पोंगे बघावेत. लष्करी अळीची विष्ठा भुशासारखी पोंग्यात दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण तीन दिवसांत ती पोंगा खाऊन टाकते. जनावरांपाशी एक जाणते माणूस मागे ठेवावे. घर निर्धास्त असेल तर वाटेवर माणूस लेकरावर खेकसत नाही.

मूल सहा महिन्यांच्या आतले असेल तर मात्र ही यात्रा पुढच्या सालावर टाकावी. त्याहून मोठे असेल तर लसीकरणाचे कार्ड काढून बघावे. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. गर्दीत गोवर झपाट्याने पसरतो. लस राहिली असेल तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी उपकेंद्रात जाऊन टोचून घ्यावी. आदल्या दिवशीची धावपळ उपयोगाची नाही, लसीचा गुण यायला दिवस लागतात.

वाहन आणि वेळ

आता ट्रॉलीचे बोलू. ट्रॉली मालाची आहे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ती ट्रॅक्टरला ढकलते, वळणावर कलते, आणि मागे बसलेल्या माणसाला धरायला काही नसते. मालाच्या ट्रॉलीत माणसे नेणे कायद्यात बसत नाही, आणि काही विपरीत घडले तर विम्याचा दावाही अडतो. अडीच वर्षांचे लेकरू मांडीवर घेऊन फाळक्याला टेकून बसणे म्हणजे नशिबावर भार टाकणे.

मग करायचे काय? सामान ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये आणि माणसे एसटीत. २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. आत्याबाई, तुम्ही आणि लेकरू असे तिघेजण फार थोड्या पैशांत, पाठीला आधार असलेल्या जागेवर बसून जाता. सामान घेऊन एक-दोन माणसे पुढे जातात आणि तुम्ही पोचेपर्यंत पाल उभा राहतो.

मोटारसायकलवर मूल न्यायची वेळ आलीच, तर चार वर्षांखालच्या मुलासाठी केंद्राचा २०२२ चा नियम आहे. मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. टाकीवर बसवलेले लेकरू बाजारपेठेत रोज दिसते, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

दिवस मावळायच्या आत थांबा, असे मी का म्हणतो तेही सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचे गाळप सुरू होते. आपल्या जिल्ह्यात कारखाने पुष्कळ, त्यामुळे त्या दिवसांत रस्ते उसाने भरलेले असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबलेला, मागे दिवा नाही, तांबडी चमकपट्टी उसाखाली झाकलेली. अंधारात ही भिंत समोर आल्याशिवाय दिसत नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी संध्याकाळी कार्तिकीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातून निघालेली पायी दिंडी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ होती. भरधाव मोटार दिंडीत घुसली आणि ७ वारकरी दगावले. ती माणसे कोणाची तरी आई होती, कोणाचा तरी बाप होता.

सोलापूर ते पंढरपूर वाट सुमारे पाऊणशे किलोमीटरची. सकाळी न्याहारी करून निघालात आणि लेकरासाठी तीनदा थांबलात, तरी दुपारच्या जेवणाला पोचता. रात्री निघून पहाटे पोचायचा बेत कोणी काढला तर त्याला सरळ नाही म्हणा. पायी चालणाऱ्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि संध्याकाळनंतर अंगावर पांढरे कापड व हातात बॅटरी ठेवावी.

वाटेवर थांबा

मोठ्या माणसांना पोचायची घाई असते. लेकराला पोचणे कळत नाही, त्याला वाटच कळते. म्हणून दर तासाने थांबावे, त्याला खाली उतरवावे, पळू द्यावे. स्वतंत्र गाडी असेल तर मंगळवेढ्यावरून जावे. बेगमपूर-माचणूर येथे भीमा ओलांडली की नदीकाठी सिद्धेश्वराचे जुने देऊळ आहे, सावली आहे. हीच भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा होते, हे मोठ्या मुलांना पुलावरच सांगावे.

पुढे मंगळवेढ्याची काळी रानं लागतात. इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खोल काळी माती, पावसाळ्यात मुरलेली ओल, आणि त्या ओलीवर वर पाणी न देता येणारी मालदांडी. मुलाच्या हातात तिथली माती द्यावी. आपल्या रानातली आणि इथली माती यात फरक काय, हे पाच-सहा वर्षांचे शेतकऱ्याचे पोर बोटाने सांगू शकते. गावात दामाजीपंतांचे देऊळ आहे. दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी उघडणारा माणूस म्हणून त्यांची कथा घरोघर सांगतात. चोखोबांनाही मृत्यू मंगळवेढ्यातच आला. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली, तिच्याखाली ते सापडले. त्यांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीसमोर आहे. वाटेत ही कथा ऐकलेले मूल तिथे आपणहून थांबते.

पाल कुठे ठोकावा

पंढरपुरात भक्तिसागर म्हणजे ६५ एकरांचा तळ राहुट्यांसाठी ठेवलेला आहे. पाणी, वीज, शौचालये आणि दवाखाना जवळ असल्याने लेकुरवाळ्या बाईला तोच सोयीचा. लवकर पोचलात तर जागा निवडता येते.

नदीच्या पात्रात किंवा ओढ्याच्या काठी पाल ठोकू नये. वाळू मऊ लागते, पाणी जवळ वाटते, पण नदी सांगून येत नाही. वरच्या धरणातून पाणी सुटले तर इथे आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते. याचा धडा आपल्याच जिल्ह्यात दिल्लीच्या बादशहाला मिळाला आहे. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला भीमाकाठी होती. पुढे १७०० च्या ऑक्टोबरात ती खवासपूरला माण नदीकाठी असताना रात्री अचानक पूर आला. तंबू, माणसे, जनावरे वाहून गेली, आणि पळताना पडून बादशहाचा पाय कायमचा अधू झाला. माण एरवी कोरडी दिसते, हे लक्षात घ्या.

जागा थोडी उंच असावी. वरून विजेची तार नको, झाडावर आग्या मोहोळ नको. पालाभोवती वीतभर खोल चर काढावा, अवचित सर आली तर पाणी आत येत नाही. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात, नाहीतर पळणारे पोर त्यात अडकून खुंटीवर पडते. चूल किंवा शेगडी पालाच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडावी आणि तिच्याभोवती पेट्या रचून कुंपण करावे. पालात भाजलेली मुले बहुधा चहाच्या आणि वरणाच्या पातेल्याने भाजतात.

झोपण्याचे विशेष सांगतो. लेकराला उघड्या जमिनीवर निजवू नये. बाज नेता आली तर उत्तम, नाहीतर पेट्या जोडून त्यावर अंथरूण घालावे. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचाव्यात. ती डासांइतकीच मण्यारसाठी आहे. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते, आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली तर मंत्र-तंत्रात एक क्षणही घालवू नये. १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिविष तिथेच मिळते.

कार्तिकात दिवसा ऊन आणि पहाटे गारठा असतो. लेकराला एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, म्हणजे ऊन चढेल तसे काढता येतात. कानटोपी आणि पायमोजे विसरू नयेत.

लेकराचे पाणी, लेकराचे पोट

जाऊबाईंच्या लेकराला जे झाले ते बहुधा पाण्याने झाले असावे. यात्रेत भांड्यात हात बुडतात, आणि एकाचे दुखणे शंभरांना जाते. म्हणून लेकराचे पाणी वेगळे ठेवावे. झाकणाची पाच लिटरची बरणी, तोटी असलेली असेल तर फार चांगले, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे. पाणी उकळून गार केलेले असावे. ते जमले नाही तर उपकेंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या घ्याव्यात, पाकिटावरच्या मापाने टाकाव्यात आणि अर्धा तास थांबून मग पाणी द्यावे. चंद्रभागेचे पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावावे, लेकराच्या पोटात घालू नये. त्याने भक्ती कमी होत नाही.

खाण्याचे आपल्या सोलापुरात अवघड नाही. मोठ्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठ दिवस पुरते. लेकराला तीच कडक भाकरी ताज्या गरम वरणात मऊ भिजवून द्यावी. मुगाची खिचडी, केळी, लाह्या, गुळाचा खडा आणि शेंगदाण्याचे कूट बरोबर ठेवावे. अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे तीन-चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत, ते श्वासनळीत अडकतात. अंगावर पिणारे मूल असेल तर यात्रेत दूध तोडू नये. बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे आणि रात्रीचा उरलेला भात यांना हात लावू नये. शौचानंतर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत.

तरीही जुलाब लागलेच तर घाबरू नये. पहिल्या पातळ शौचापासूनच पाणी भरून काढायला सुरुवात करावी. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे, अर्धेमुर्धे नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप द्यावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा द्यावे. चोवीस तासांनी उरलेले फेकून नवे करावे. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन चौदा दिवस पूर्ण द्याव्यात, जुलाब थांबले तरी.

या साध्या पाण्याची ताकद तंबूंच्या तळावरच सिद्ध झाली आहे. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा मिसळलेले पाणी पिंपात भरून ठेवले आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावले. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ती चारच्याही खाली आली. डॉक्टरांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाला. त्या छावणीत पाणी पाजणाऱ्या आयाच होत्या. तुम्हालाही ते येईल.

मात्र डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा तासांत लघवी झाली नाही, मूल मलूल पडले, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर थेट दवाखाना गाठावा. यात्रेत सरकारी आरोग्य पथके तळावर असतात. पोचल्या दिवशीच त्यांची जागा बघून ठेवावी.

हरवू नये म्हणून, आणि दर्शनाचे

मुलाच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी शिवून तिच्यावर बापाचे नाव, गाव आणि फोन क्रमांक न जाणाऱ्या शाईने लिहावा. अंगावर भडक एका रंगाचा सदरा घालावा आणि सकाळीच मोबाइलवर त्याचा फोटो काढावा, म्हणजे पोलिसांना दाखवता येतो. मूल दिसेनासे झाले तर शोधण्यात तास घालवू नये, लगेच जवळच्या पोलीस मदत केंद्रावर जावे, किंवा ११२ वर कळवावे.

पदस्पर्शाची रांग कित्येक तासांची असते. त्या रांगेत लहान मुलाला नेऊ नये. मुखदर्शनाची रांग लवकर सरकते. तीही मोठी असेल तर नामदेव पायरीवर डोके टेकवून कळसाचे दर्शन घ्यावे. वारकऱ्यांनी कळसाच्या दर्शनाला कधी कमी लेखलेले नाही. आत्याबाईंना हे नक्की पटेल. वाखरीला जनावरांचा बाजार भरला असेल तर मुलाला तिथे जरूर न्यावे. खिल्लार बैल आणि तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस पाहून त्याला जो आनंद होईल तो वर्षभर पुरेल.

आता पाळीचे. बहुतेक पालांत असे दिसते की सगळे दर्शनाला, कीर्तनाला, बाजाराला जातात आणि लेकरू घेऊन आईच पालाशी बसते. तीन दिवस पंढरपुरात राहून तिला चंद्रभागाही धड दिसत नाही. बापाने एक दुपार लेकरू सांभाळावे, काकाने एक सकाळ, आजोबांनी एक संध्याकाळ. बाप्या माणसाने मूल सांभाळले म्हणून त्याची मिशी खाली येत नाही. ही पाळी निघण्याआधीच ठरवावी, तिथे गेल्यावर ठरत नाही.

तीन दिवसांचा पाल, सहा महिन्यांची कोपी

परत येताना आणखी एक गोष्ट दिसेल. त्याच रस्त्याच्या कडेला, कारखान्याच्या तळावर किंवा आपल्याच उसाच्या बांधाला, बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या असतात. आपण तीन दिवसांसाठी जी काळजी केली ती त्या माउलीला सहा महिने करायची असते, आणि तिच्यापाशी बरणी नसते, बाज नसते, पाळीला माणूस नसते. तिचे लेकरू फडात पाचटावर निजते.

ज्यांचा ऊस ती तोडते त्या आपण शेतकऱ्यांनी एवढे तरी करावे. विहिरीचे चांगले पाणी झाकणाच्या टाकीत भरून द्यावे. कोपीपाशी एक दिवा द्यावा. ओआरएसची चार पाकिटे द्यावीत. अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना कळवावे की अमक्या बांधावर इतकी लेकरे आली आहेत. राहिलेली लस त्यांना इथेही मिळते. आणि ट्रॅक्टर मागे घेण्याआधी चाकामागे, पाचटात, एकदा खाली वाकून बघावे.

पत्र लिहिणाऱ्या ताई, तुमच्या भीतीला आम्ही वेडी भीती म्हणणार नाही. तिच्यामुळेच बरणी झाकली जाते आणि मच्छरदाणी खोचली जाते. हा मजकूर घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. आत्याबाईंना सांगा, नातू पंढरपूरला नक्की येणार आहे. सामान ट्रॉलीत जाईल आणि तो तुमच्या शेजारी एसटीत खिडकीपाशी बसेल.